बसलेले, डावीकडून तिसरे

पुण्याहून कुलवृत्तांत समितीचा छापील फॉर्म आला, त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात स्कॅनर आला. शहाण्णव सालची गोष्ट. कंपनीला परदेशी भागीदार मिळाला होता आणि त्याच्या आग्रहाखातर प्रत्येक मजल्यावर एकेक यंत्र बसवलं गेलं होतं. स्कॅनरमध्ये नेमकं काय घालायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून मी आजोबांना घातलं.

आमच्या आडनावाच्या सगळ्या घराण्यांची माहिती एका जाड पुस्तकात यायची होती. कुलवृत्तांत म्हणजे फॅमिली का बायोडेटा ना, असं माझ्या मुलीने, मयुराने विचारलं. ती नोएडात वाढलेली. मी हो म्हणालो. याहून बरा अर्थ मलाही सुचला नाही. फॉर्मात दिल्ली शाखेसाठी एक पान होतं आणि दिल्लीत प्रथम आलेल्या पुरुषाच्या, म्हणजे आजोबांच्या, फोटोसाठी एक चौकोन. तो चौकोन भरणं हे आपलं शेवटचं काम, असं कुमुदिनीआत्याने जाहीर केलं. ती अठ्ठावन्नची होती आणि ठणठणीत होती, पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिचं प्रत्येक काम शेवटचंच असायचं.

आत्याने वडिलांना पाहिलेलं नव्हतं. आजोबा सदतीसच्या नोव्हेंबरात विषमज्वराने गेले, आत्या मार्चमध्ये जन्मली, चार वर्षांत आजीही गेली. माझे वडील आणि आत्या ग्वाल्हेरला आजीच्या बहिणीकडे वाढले. या मावशीने आजोबांना एकदाच पाहिलं होतं, लग्नात, आणि तेही मुंडावळ्यांच्या मागे.

त्रेपन्न साली नोकरी लागल्यावर वडील दिल्लीला परतले. काश्मिरी गेटच्या एका स्टुडिओत त्यांनी सदतीसच्या गणेशोत्सव कमिटीच्या फोटोची काचेची निगेटिव्ह शोधून काढली. आजीच्या पेटीत नावांची यादी होती, तिच्यात आजोबा ‘बसलेले, डावीकडून तिसरे’. स्टुडिओने फोटोची नवी प्रत काढली, तिसऱ्याचा चेहरा मोठा करून फ्रेम केला, आणि तेव्हापासून तो रुंद जबड्याचा, जरा गर्विष्ठ गृहस्थ आत्याच्या भिंतीवर चंदनाच्या हारात होता. आत्या त्याला सगळं विचारायची. बी.एड. करू का, ग्वाल्हेरच्या स्थळाला नाही म्हणू का, मोतीबिंदू आत्ताच काढू का. तो कधी नाही म्हणाला नाही.

त्या प्रतीत मधोमध गणपती होता आणि त्याची सोंड उजवीकडे होती. मावशीने ती पाहिली आणि सोळा वर्षांनी मृत्यूचं कारण सापडलं. उजव्या सोंडेचा कडक, कमिटीतल्या कारकुनांनी सोवळं काय पाळलं असणार, दोन महिन्यांत निकाल लागला. डॉक्टरांनी लिहिलेला विषमज्वर आमच्या घरात मग कुणीच मानला नाही.

फॉर्मसाठी मूळ प्रत बघावी म्हणून मी गणेशोत्सव भरवणाऱ्या मंडळाच्या गोदरेजच्या कपाटात शोध घेतला. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी ती मिळाली, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली, खाली छापील नावांसकट. गणपतीची सोंड डावीकडे होती.

मी आधी चष्मा पुसला. मग घरची प्रत शेजारी ठेवली. तेच चौदा कोट, त्याच काळ्या टोप्या, फक्त सगळं उलट. स्टुडिओने काच पालथी घालून छापलं होतं. म्हणजे आमचा डावीकडून तिसरा हा खरा उजवीकडून तिसरा होता. बसलेले सात, म्हणून डावीकडून पाचवा. त्याच्याखाली नाव होतं श्यामराव, आणि मंडळाच्या वहीप्रमाणे श्यामराव फरीदाबादला सुखरूप होते.

खरा तिसरा हलला होता. कोट स्पष्ट, मांडीवरचे हात स्पष्ट, आणि टोपीखाली नुसता पांढरट फराटा. लहानपणी आम्ही भावंडं घरच्या प्रतीत त्याला भूत म्हणायचो.

आत्याला समजावायला मी जेवणाच्या टेबलावर सात कप मांडले. तिला इकडून मोजायला लावलं, मग मयुराला तिकडून. तिसऱ्यांदा मोजताना माझाच गोंधळ झाला आणि मी दोन वेगवेगळ्या कपांना आजोबा म्हणालो. आत्याने शांतपणे एक कप उचलून त्यात चहा ओतला.

“फोटो उलटा छापला असेल,” ती म्हणाली, “वडील कसे उलटे छापतील?”

शेवटी ठरलं की श्यामरावांनाच बघून यायचं. ते भिंतीवरच्या फोटोसारखे नसले की विषय संपला, असं आत्याचं म्हणणं. कालिंदी कुंजवरून फरीदाबादला जाईपर्यंत तिने फ्रेम मांडीवरून खाली ठेवली नाही. हार काढ म्हटलं तर म्हणाली, वाटेत उघडे कसे नेऊ?

दार श्यामरावांच्या सुनेने उघडलं. सुहासिनीबाईंनी हारातल्या सासऱ्यांना पाहिलं, मग मान वळवून आत पाहिलं. आत सासरे पपई खात होते. चेहऱ्याचं आता बरंचसं कातडंच झालं होतं, पण जबडा तोच होता. आत्याने तो पाहिला आणि ती उंबऱ्यातच थांबली.

मी सगळं सांगितलं. सुहासिनीबाई मधूनमधून अच्छा म्हणत होत्या, तो समजल्याचा अच्छा नव्हता. श्यामरावांनी फ्रेम हातात घेतली, हार बोटाने बाजूला सारला.

“हा मी,” ते म्हणाले. “कोट भावाचा. गेली किती वर्षं आहे मी तुमच्याकडे?”

“त्रेचाळीस,” आत्या म्हणाली.

“आणि काय काय केलं मी?”

“बी.एड.ला पाठवलंत. लग्न मोडलंत.”

“कुणाचं?”

“माझं.”

श्यामरावांनी पपईची ताटली बाजूला ठेवली. मला तर विचारलंही नव्हतं, असं काहीतरी पुटपुटले. मग मी पुठ्ठ्यावरचा फोटो पुढे केला आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. त्यांनी तो खिडकीशी नेला. फोटोग्राफर एक-दो म्हणत होता, तीन म्हणायच्या आत हा बोलला, हे त्यांना पक्कं आठवत होतं. काय बोलला ते नाही. गणपती मातीचा, साधा डाव्या सोंडेचा, आणि सोवळं याच्याइतकं कुणी पाळत नव्हतं, हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

“दिसायचे कसे?” आत्याने विचारलं.

श्यामरावांनी पुठ्ठा जरा लांब धरला. उंच होता म्हणाले, मग नाही, उंच तो दुसरा, म्हणाले. नाकाबद्दल काही आठवेना. आत्याचा धीर सुटत चालला. ती नकळत मान हलवायला लागली, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्यापुढे ती अशी हलवायची, बारीक, डावी-उजवी, डावी-उजवी.

“हे,” श्यामराव एकदम म्हणाले. “हे असं. ह्याच्यापायी फोटोग्राफरने दोनदा दटावला त्याला. तुला कुणी शिकवलं गं हे?”

आत्याची मान थांबली. तिला वाटत होतं ही शाळेतली खोड आहे. तिने पुठ्ठा आपल्याकडे ओढून घेतला आणि तो फराटा चष्म्याखालून, चष्म्यावरून, दोन्हीकडून पाहिला. मी रुमाल पुढे केला, तो तिने घेतला नाही.

निघताना तिने फ्रेमचा हार उतरवून पिशवीत घातला. सुहासिनीबाईंना सुटल्यासारखं झालं. फ्रेम परत नेऊ का, मी विचारलं. श्यामराव म्हणाले, राहू दे, त्या वयाचा माझ्याकडे दुसरा नाही, आणि लागेलच लवकर. आत्याने त्यांना वाकून नमस्कार केला. त्रेचाळीस वर्षांची सवय होती.

मी फराटा स्कॅन करून पाठवला. तीन आठवड्यांनी समितीचं पत्र आलं: आपण पाठविलेला फोटो अस्पष्ट असल्याने चेहरा दिसत नाही, तरी कृपया दुसरा पाठवावा. मी उत्तराचा मसुदा करायला बसलो. निगेटिव्ह, स्टुडिओ, सात खुर्च्या, पहिल्याच पानावर मी पुन्हा पाचव्याचा तिसरा करून ठेवला. आत्याने तो कागद माझ्या हातून काढून घेतला आणि पोस्टकार्डावर स्वतःच लिहिलं:

“फोटो बरोबर आहे. माणूस हलत होता. तसाच छापावा.”