बाळ वळेपर्यंत

डॉक्टरबाईंनी तिच्या पोटावर पुन्हा जेल लावलं, प्रोब डावीकडून दाबून पाहिला, उजवीकडून पाहिला आणि शेवटी हात टेकले.

"पाठ वर करून झोपलंय. कण्याची सावली नेमकी हृदयावर पडतेय. जरा चालून या, वळलं की दिसेल."

"आईवर गेलंय," खुर्चीतून नणंद म्हणाली. "वहिनीला तरी एका हाकेत कधी ऐकू येतं?"

ती हसली नाही. पोट पुसून, कपडे सावरून बाहेर गेली. मागच्या खेपेला याच टेबलावर कळलं होतं, की पहिल्या बाळाच्या हृदयाचा डावा कप्पा वाढलेलाच नाही. पुढे ते पोटातच गेलं. या वेळी तसं काही नाही ना, एवढंच आज कळायचं होतं. घरचे सगळे त्या उत्तराकडे डोळे लावून बसले होते, आणि कामावर गेलेला नवरा बहिणीला फोनवर फोन करत होता.

बराच वेळ ती परतली नाही, तेव्हा नणंद शोधायला निघाली. मागच्या जिन्यावर, मधल्याच एका पायरीवर ती बसलेली सापडली. दोन्ही हातांनी पोट खालून धरलेलं, श्वाससुद्धा बेताने चाललेला.

"वहिनी! तुला चालायला सांगितलंय, अंडी उबवायला नाही."

"बस जरा."

"अगं, हललीस तर ते वळेल ना?"

"म्हणून तर बसलेय."

 नणंद शेजारी टेकली.

"वळलं की डॉक्टरबाई सांगणार," पोटावरचे हात न काढता ती म्हणाली. "वळत नाही तोवर ते चांगलंच आहे. मला अजून थोडा वेळ ते चांगलं हवंय गं."

"मग काय, जिन्यावरच बाळंत होतेस? कपडे आणू का घरून?"

तिला नको असताना हसू आलं. एकदा आलं ते आवरेना, सगळं पोट हलायला लागलं, आणि आतून एक दणदणीत ढुशी बसली. तिने नणंदेचा हात घट्ट धरला.

"वळलं."

खोलीतला दिवा मालवला होता. डॉक्टरबाई किती तरी वेळ प्रोब फिरवून पाहत होत्या. मग त्यांनी स्क्रीन तिच्याकडे फिरवली.

"हा उजवा कप्पा. हा डावा, अगदी छान वाढलाय. झडपा बघा कशा उघडताहेत. काळजीचं काही नाही."

नणंद रडत रडतच भावाला फोन लावायला बाहेर पळाली. तिचा मात्र डोळा ओला झाला नाही. दार लागेपर्यंत ती थांबली.

"डॉक्टर, मागच्या बाळाचं रेकॉर्डिंग मशीनमध्ये असेल का अजून?"

"असेल. पण आता कशाला ते?"

"तुम्ही दाखवत होता तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं होतं. नंतरही बघ म्हणाले सगळे, मी नाहीच म्हटलं. एकदाही पाहिलं नाही हो मी त्याला."

बाहेर बाकावर बायका ताटकळल्या होत्या. डॉक्टरबाईंनी उठून कडी लावली आणि शोधायला बसल्या. जुनं सापडायला वेळ लागला. मग राखाडी अंधारात एक इवलंसं हृदय हलू लागलं. एका बाजूने तोकडं होतं, पण भराभर, मन लावून चाललं होतं. काही क्षणांनी ते थांबे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. ती कोपरावर उठून स्क्रीनजवळ सरकली. तिचे डोळे आता वाहत होते आणि पुसायचं तिला भान नव्हतं.

दारावर थाप पडली.

"वहिनी, दादाला माझं खरंच वाटत नाहीये! विचारतोय, तू स्वतः पाहिलंस का बाळाला?"

"पाहिलं," ती आतून म्हणाली. "दोन्ही पाहिली म्हणावं."