रुखमाबाईच्या पिशवीतली घड्याळं

...तिसऱ्या घड्याळाच्या पट्ट्यावर पिवळ्या दोऱ्याचे टाके होते. कामगार संघटनेच्या ग्रुपवर आलेला फोटो मनोहररावांनी बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला—आडवेतिडवे, घाईचे टाके, त्यांच्या बायकोचे. मुलगा जितेंद्र सफाई खात्यात लागला त्याच महिन्यात पट्टा तुटला होता, आणि साहेब पोराला रागावतील म्हणून बिचारीनं चष्मा लावून तो शिवून दिला होता. पोरगा तेव्हा कामावर जात होता... निदान तिला तसं वाटत होतं.

कामगार गल्लीत फिरतो की घरी लोळतो हे कचेरीतल्या पडद्यावर दिसावं म्हणून महापालिकेनं ही घड्याळं दिलेली. मग जमादारानं शक्कल काढली. न येणाऱ्यांची घड्याळं रुखमाबाईच्या पिशवीत. ती झाडत पुढं सरकते, पडद्यावर पाच माणसं झाडत जातात, पगारही पाचांचे निघतात, आणि घरी बसलेल्यांचा अर्धा पगार जमादाराच्या खिशात जातो. जितेंद्रचं सदर भागातलं मोबाइलचं दुकान मात्र झकास चाललंय. मला माहीत नव्हतं?—मनोहररावांनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला—माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी विचारलं नाही, एवढंच.

काल तपासणी पथकानं तिची पिशवी उघडली. जमादार निलंबित झाला. रुखमाबाईची तर नोकरीच जाणार, कारण माल तिच्याकडे सापडला. संघटनेचे सरचिटणीस म्हणून आज दुपारच्या सभेत बोलायचं होतं मनोहररावांनी, आणि मागणी एकच ठरली होती : जमादाराला परत घ्या. आपला माणूस तो आपला, चूक-बरोबर नंतर पाहू—हा नियम त्यांनीच घालून दिलेला, आणि त्याच नियमाच्या जोरावर शेकडो रोजंदार कायम झाले. रुखमाबाईसुद्धा. तिच्यासाठी मी उपाशी बसलो होतो, महापालिकेच्या फाटकासमोर, भर उन्हात... पण तिचं नाव आज घ्यायचं नाही. घेतलं की घड्याळं कोणाची, हा प्रश्न निघणार.

दुपारी ते सभेला पोचले तेव्हा ती त्याच फाटकाशी उभी होती.

"भाऊ, भाषणात माहं नाव घ्यान ना?"

"जरा धीर धर वं रुखमाबाई. आधी जमादाराले सोडवू, मग तुले."

"जमादार म्हणे ठेव पिशवीत, म्या ठेवले. नाही म्हटलं असतं तं माहीच हजेरी कापली असती. पोरगी खापरखेड्याच्या सासरहून परत आली लेकरं घेऊन, साऱ्या घराचं माह्या पगारावर चालून राहिलं. मले साहेबानं लय विचारलं, कोणाचे आहेत म्हणून. म्या कोणाचं नाव नाही सांगितलं. जितूचंबी नाही."

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं हे उपकार म्हणून सांगितलं असतं तरी बरं वाटलं असतं. ती नुसतं सांगत होती.

मांडवात पुढच्या सतरंजीवर निवृत्त मंडळी बसलेली. त्यांचं पेन्शन रखडलंय, तिजोरीत खडखडाट आहे म्हणतात. नवी भरती बंद, म्हणून उरलेल्यांच्या वाट्याला दुप्पट गल्ल्या. त्या निवृत्तांतले देवराव औषधाची रिकामी पाकिटं खिशात घेऊनच आले होते, दाखवायला. मनोहररावांनी माईक धरला आणि सवयीनं विचारलं,

"शहराचा पैसा कोणी खाल्ला?"

"साहेबानं खाल्ला! ठेकेदारानं खाल्ला!"

मांडव दणाणला. खोटं नव्हतंच ते. न खोदलेल्या नाल्यांची बिलं निघालेली त्यांना ठाऊक होती, त्यावर ते पोटतिडकीनं लढलेही होते. पण रुखमाबाई ओरडली नाही. ती कडेला उभी राहून त्यांच्याकडे पाहत होती; रागानं नाही, कोणी आपल्या माणसाची वाट पाहावी तशी.

"कोणी खाल्ला?" त्यांनी पुन्हा विचारलं, पण आवाज इतका खाली गेला की मागच्यांना वाटलं, माईक बिघडला.

"जोरात बोल ना गा, मनोहर!" देवराव म्हणाले.

मनोहररावांनी ओठ ओले केले. नाव जिभेवर आलं होतं... जेवायला हाक मारताना रोज घ्यायचं तेच, आणि ते उच्चारायची इतकी भीती त्यांना आजवर कधी वाटली नव्हती.