चष्म्यातली खिडकी

जुने चष्मे गोळा करायचं माझं खूळ आमच्या ऊर्जानगर वसाहतीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझ्या थापाही. क्वार्टरा-क्वार्टरांतून खोके भरून आणायचे, कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचे, नाकाजवळचं हिरवं किटण जुन्या टूथब्रशनं काढायचं. मग चंद्रपूरची चष्मेवाली स्वाती यंत्रावर एकेकाचा नंबर काढून दांडीला चिठ्ठी बांधते, आणि दर तीन महिन्यांनी आम्ही धानोऱ्यापलीकडच्या एका गावात, शाळेच्या वर्गात, ज्याच्या डोळ्यांना जो जुळेल तो चष्मा वाटून येतो.

त्या गावचे लोक चष्मा चढवण्याआधी एकच विचारतात, "ज्याचा हाय, तो जिता हाय ना?" मेलेल्याच्या डोळ्यानं पाहायला कोणी तयार नसतं. मी बेधडक हो म्हणतो आणि वर एक थाप जोडतो. तिथल्या देवरावभाऊंना म्हटलं, हा एका जज्जाचा, यातून खोटारडा माणूस लगेच ओळखू येतो. त्यांनी चष्मा लावला, मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "खरंच हो, दिसला!" अख्खा वर्ग हसला.

गेल्या खेपेला त्याच गावच्या कमळाबाईंना जुळला तो चष्मा मात्र नूतनचा, माझ्या बायकोचा होता. तीन वर्षं स्कूटरच्या डिकीत पडून होता, त्या खेपेला मीच खोक्यात टाकला. शेवटच्या महिन्यात, दवाखान्यात, मीच तो लपवला होता, तिनं आरशात स्वतःला पाहू नये म्हणून. ती मागायची, मी सांगायचो, वांदरानं पळवला, आता कडुनिंबावर बसून पेपर वाचते. ती हसायची. तिकडे हैदराबादला शिकणाऱ्या आमच्या दिव्यानीला फोनवर सांगायचो, आई सुधारून राह्यली, तू परीक्षा देऊनच ये. शेवटच्या दुपारी नूतननं विचारलं, "पोरगी आली का?" तेव्हाही मी म्हणालो, "आली ना, हे काय, तुह्या उशाशी बसली." नूतननं हात उचलला आणि त्या रिकाम्या जागेवरून मायेनं फिरवला. चष्म्यावाचून तिला सगळं धूसरच दिसायचं. ती फसली, समाधानानं गेली, एवढ्या एका आधारावर मी आजवर जगत आलो. दिव्यानी दुसऱ्या दिवशी पोचली. त्यानंतर ती घरी आलेली नाही.

"ते बाई जिती हाय ना?" कमळाबाईंनी विचारलं होतं.

"ठणठणीत," मी म्हणालो होतो.

परवा, तीन महिन्यांनी, त्या पुन्हा आल्या, चष्मा नाकावर.

"सुई ओवते मी आता, भाऊ. तांदळातले खडे दिसते. पन सकाळी चष्मा घातला का पयले खिडकी दिसते."

"मंग चांगलंच हाय, हवा येत असन."

"माह्या घराले खिडकीच नाई."

खिडकीला निळा पडदा, त्या म्हणाल्या; शेजारी टांगलेली बाटली, तिच्यातून थेंब थेंब उतरणारं पाणी. मी स्वातीकडं पाहिलं. ती दुसऱ्या कोणाचे तरी डोळे तपासत होती.

"आन तुमी दिसता, खुर्चीवर. पोरगी आली, पोरगी आली म्हनून सांगून राह्यले. उशाशी तं कोनीच नाई, भाऊ. काऊन खोटं सांगता?"

चष्मा तेव्हा डिकीत होता, खाली, दवाखान्याच्या आवारात. त्यातून त्या दुपारी कोणी काहीच पाहिलं नव्हतं.

"धूसर दिसत असन तुमाले," मी म्हणालो.

"नाई हो, लख्ख दिसते. कोनी नाई हे पाहून बी ते बाई हात फिरवते. तुमाले बरं वाटावं म्हनून."

मी खोक्यातून त्यांच्याच नंबराचा दुसरा चष्मा काढून पुढं केला. बाईंनी मान हलवली.

"राहू द्या. पाहून होऊ द्या तिचं."

मी तो चष्मा परत खोक्यात ठेवला आणि विचारलं, "आता काय दिसते?"

त्या माझ्या खांद्यावरून पलीकडं पाहत होत्या.

"दार," त्या म्हणाल्या. "दाराकडंच पाहून राह्यली ते."

माझ्या पाठीमागं वर्गाचं दार उघडं होतं. मी वळून पाहिलं नाही. फक्त माझी खुर्ची हळूच बाजूला सरकवली, तिच्या आड येऊ नये म्हणून.