बायनाक्काच्या पायऱ्या

लोणचं नासलं त्या दिवसापासून बायनाक्काला कुणी धीर दिला, की तिच्या घराला एक पायरी वाढायला लागली.

आधी पायरी एकच होती, तीही बसून भाजी निवडण्यापुरती. नासल्याचं गल्लीत कळलं त्या सकाळी शेजारची शेवंता वाटीवर ताटली झाकून आली. "आक्का, जिवाला लावून घेऊ नका. कैऱ्याच तसल्या होत्या," म्हणाली, वाटीतला शिरा ठेवला, आणि उतरताना तिचा पाय अडखळला. खाली दुसरी पायरी होती. काळ्या दगडाची, कडेला टाकीचे घाव ताजे. शेवंतानं त्या पायरीकडं बघितलं, पदर सावरला आणि निघून गेली. दुसऱ्याच्या दारात काही नवं दिसलं तर लगेच विचारू नये, एवढी रीत तिला होती.

चाळीस वर्षं तांबट गल्लीचं लोणचं बायनाक्का घालत आली होती. चौदा घरं, चौदा बरण्या. वैशाखात सगळ्या बाया तिच्या सोप्यात बसून कैऱ्या पुसायच्या, फोडायच्या. पण मीठ घालायचं ते तिनंच. माप नाही, चव बघणं नाही. एखाद्या नव्या सुनेनं विचारलंच, "आक्का, किती मुठी?" तर ती म्हणायची, "तू बोलतीस त्यापेक्षा कमी." मग त्या सुनेला पुढच्या वर्षी विचारायची हिंमत व्हायची नाही. जुन्यांना तर केव्हाच नव्हती.

यंदा आठव्या दिवशी चौदाही बरण्यांत पांढरी बुरशी धरली.

पलीकडच्या घरातली मालन आली आणि म्हणाली, कुणाची तरी नजर लागली. तिसरी पायरी. कुणी म्हणालं हवाच दमट, कुणी म्हणालं बरण्या धड वाळल्या नव्हत्या. पुण्याहून पोराचा फोन आला, "आई, एवढं काय त्यात? दुकानात मिळतं की चांगलं लोणचं." त्या एका फोनानं तीन पायऱ्या वाढल्या. त्यातली मधली इतकी उंच, की चढताना गुडघ्यावर हात ठेवावा लागायचा.

पंधरवड्यात घर गल्लीतल्या वडाच्या शेंड्याला लागलं. शेजारच्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतात, त्यांची झाकणं कुणी लावत नाही, हे बायनाक्काला दिसलं. महिन्यानं खिडकीखालून कावळे जायला लागले. गल्लीतला आवाज वर यायचा बंद झाला. हंड्यांवर ठोके पडताना दिसायचे, ऐकू यायचे नाहीत.

बाया येतच राहिल्या. मनानं कुणी वाईट नव्हती, हीच पंचाईत होती. घाम पुसत चढायच्या, उंबऱ्याशी बसून आधी श्वास घ्यायच्या, आणि दम लागलेल्या आवाजात म्हणायच्या, "आक्का, असू द्या." जाताना एक पायरी जास्त उतरायच्या. हातात वाटी असायचीच. वाईट दिवस आलेल्या घरी मोकळ्या हातानं जाऊ नये, आणि आलेली वाटी मोकळी परत देऊ नये. बायनाक्का वाटी धुऊन तिच्यात चिमूटभर साखर घालून द्यायची. साखर संपली तशी तांदूळ घातले. तांदूळ संपले तेव्हा खाली वाण्याकडं जाऊन यायला दिवस पुरला नसता.

तिनं एकदा सांगून बघितलं होतं. मालन पाणी पीत असताना बायनाक्का म्हणाली, "मीठ कमी पडलं माझ्या हातनं."

"छे ओ," मालन म्हणाली. "तुमचा हात? तुमच्या हाताला नाव ठेवणारं अजून जन्माला यायचंय."

त्याच्या दोन पायऱ्या झाल्या. बायनाक्कानं पुन्हा तो विषय काढला नाही.

पण खरं ते खरंच होतं. पहिल्या दिवशी फोडींना हळद-मीठ लावलं, ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मसाला कालवताना जे मीठ घालायचं, ते राहिलं. पुडी फडताळात तशीच बांधलेली सापडली. एवढ्या बाया भोवती बसल्या होत्या, आणि समोर परातीला हात लावून द्वारका बसली होती. द्वारकाची नजर तिच्या हातावर होती, मग फडताळाकडं गेली, मग परत हातावर आली. तोंड उघडून द्वारकानं ते मिटलं. हे बायनाक्काला तेव्हा दिसलं होतं. तेव्हा तिला वाटलं, जांभई असेल.

द्वारका अजून आली नव्हती. बायनाक्का तिचीच वाट बघत होती. द्वारका समोरच्या घरातली, वयानं बरोबरीची, आणि तिच्या तोंडून आजवर कुणाला गोड शब्द मिळाला नव्हता. बायनाक्काच्या लेकीच्या लग्नात पंगतीतून उठताना ती म्हणाली होती, "बुंदी बरी होती. लाडू व्हायला पाहिजे होते." त्यानंतर चार वर्षं दोघी बोलत नव्हत्या. ती आली की तोंडावर सांगेल, चुकलीस म्हणून. ते एकदा कुणी बोललं, की निदान एक पायरी तरी खाली जाईल, असा बायनाक्काचा हिशेब होता.

आषाढ सरताना एका सकाळी द्वारका पहिल्या पायरीवर दिसली, मुंगीएवढी. दारात पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पदराखाली वाटी होती.

"लई उंच जाऊन बसलीस, बायने."

"मी न्हाई बसले. पाणी देऊ?"

"दे."

ती शेवटच्या पायरीवर टेकली. तांब्या रिकामा केला. बायनाक्का उंबऱ्यात उभी राहिली.

"त्या दिवशी तू बघितलंस," ती म्हणाली.

"काय बघितलं?"

"दुसऱ्यांदा मीठ घातलं न्हाई मी. पुडी तशीच हाय."

द्वारकानं तांब्या खाली ठेवला. वाटीवरची ताटली सरळ होती, तरी नीट केली.

"असू दे गं," ती म्हणाली. "होतं असं कधी कधी."

दगडाला दगड घासल्याचा आवाज झाला. उंबरा वर गेला, बायनाक्कासकट. द्वारका होती तिथंच राहिली आणि तिच्या नि उंबऱ्याच्या मधे एक कोरी पायरी आली. चाळीस वर्षांत द्वारका तिच्याशी पहिल्यांदा गोड बोलली होती, आणि तेही मान वर करून.

बायनाक्का आत गेली. वाटीतली खीर पातेल्यात ओतली, वाटी धुतली, पुसली. दाराआड तिची स्वतःची बरणी होती. बाकी तेरा घरांनी आपापल्या बरण्या केव्हाच उकिरड्यावर रित्या केल्या होत्या. तिनं तोंडावर बांधलेला दादरा सोडला. पळीनं चार फोडी काढल्या, वरच्या पांढऱ्या लवेसकट, आणि वाटी भरून बाहेर आणली.

"घे. मोकळी देऊ नये."

द्वारकानं वाटीत बघितलं.

"खा," बायनाक्का म्हणाली.

"हितंच?"

"हितंच."

द्वारकानं एक फोड उचलली. लव पुसली नाही. तोंडात घातली आणि चावली. तिच्या कानामागची शीर वर आली, डोळ्यांत पाणी आलं, हात पायरीच्या कडेला घट्ट धरला गेला. तिनं थुंकलं नाही. हळूहळू चावत राहिली. खिडकीखालून एक घार गेली.

मग जबडा थांबला. द्वारकानं घास गिळला, पदरानं ओठ पुसले, मान वर केली आणि बोलायला तोंड उघडलं.

बायनाक्कानं खाली बसून दोन्ही तळवे उंबऱ्याच्या दगडावर घट्ट टेकवले, घर आता वर जातं की खाली ते कळायला.