साडेतेवीस अंशांचा कल

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी कपाटावरून खाली पडलो. दोन माणसं कपाट भिंतीपासून सरकवत होती आणि वर कोण आहे हे दोघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. पितळी कमान मोडली, लाकडी बैठक दुभंगली आणि माझ्या पोटावर, विषुववृत्ताच्या रेषेवरच, वीतभर तडा गेला.

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. मुक्काम नववीचा वर्ग. पडण्याचं दुःख मी केव्हाच गिळलं. पुढे माझी दुरुस्ती झाली आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. पण आधी मी कसा घडलो ते ऐका.

कागदाच्या लगद्याचे दोन वाडगे तोंडाला तोंड लावून चिकटवले, ते माझं अंग. त्यावर पांढऱ्या पुट्टीचे थर चढले. मग कारखान्यातल्या एका बाईने पाकळ्यांसारख्या लांबट छापील पट्ट्या ओल्या बोटाने माझ्यावर बसवल्या. पट्टी केसभर सरकली तर जमीन समुद्रात शिरते, म्हणून ती श्वास रोखून काम करायची. शेजारी तिची जाऊ बसायची.

"अगं, आटप की! एवढं निरखून बघतेस, तिथे काय जमीन घ्यायचीय तुला?"

"घेईन की. आधी ती जागेवर तर बसू दे."

शेवटी मला कमानीत बसवलं ते मुद्दाम तिरपं. पृथ्वी ज्या कल्पित रेषेभोवती गिरकी घेते, तो तिचा आस. सूर्याभोवतीच्या तिच्या वाटेवर हा आस ताठ उभा नाही. तो साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. उन्हाळा आणि हिवाळा या कलण्यातून येतात. माझ्या अंगावरची बरीच नावं आता बदलली आहेत, काही देश तर उरलेलेही नाहीत. ही शाळा जिथे आहे, तिथला कागद मुलांच्या बोटांनी इतका झिजला आहे की नाव वाचताच येत नाही. कल मात्र बदलला नव्हता.

माझी उमेदीची वर्षं भूगोलाच्या बाईंबरोबर गेली. त्या पडदे ओढायच्या, टेबलाच्या मधोमध उघडा दिवा ठेवायच्या आणि मला दोन्ही हातांत धरून त्याच्याभोवती फिरायच्या. माझं उत्तर टोक कायम खिडकीकडे असलं पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष. पृथ्वीचा आसही वर्षभर एकाच दिशेकडे रोखलेला असतो. त्यासाठी बाईंना अर्धी फेरी खेकड्यासारखं आडवं चालावं लागे आणि वर्ग खदखदून हसे. "हसा, हसा," बाई म्हणायच्या, "पण टोकाकडे बघा." टेबलाच्या एका बाजूला माझ्या उत्तर ध्रुवावर अखंड उजेड असे, दुसऱ्या बाजूला अखंड अंधार. मुलं हसायची थांबायची. कुणीतरी हमखास "हात्तिच्या!" म्हणायचं. माझ्यासाठी तीच शाबासकी.

बाई निवृत्त झाल्या आणि मी कपाटावर गेलो. वर्षभर माझ्यावर धूळ बसली. मग ते कपाट सरकलं.

मला उचलून नेलं ते सुतारकामाच्या सरांनी. मुलं त्यांना रंधा सर म्हणतात, कारण रंध्याशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नाही. त्यांनी माझ्यासाठी नवी बैठक घडवली. टणक लाकडाचा खांब घेतला, त्यालाच वरून लाकडी हात जोडला आणि माझ्या दोन्ही ध्रुवांतून लोखंडी सळई घातली. मला गिरकी घ्यायची मुभा ठेवली, बाकी सगळं सुतारी सरसाने चिकटवून असं पक्कं केलं की कुठला सांधा कुठे संपतो ते दिसू नये. शेवटी त्यांनी वजन बांधलेल्या दोरीचा ओळंबा सोडला. दोरी सळईशी तंतोतंत जुळली.

"बिचारा इतकी वर्षं वाकडा उभा होता," ते माझ्यावरची धूळ पुसत म्हणाले. "कुणाच्या लक्षात नाही."

इतक्या मायेने माझं कुणी काही केलं नव्हतं, मित्रांनो. आणि इतकं चुकीचंही.

भूगोलाची जागा रिकामीच होती, म्हणून तो तास विज्ञानाच्या नव्या सरांकडे आला. त्यांचा विषय रसायनशास्त्र. त्यांनी दिवा लावला आणि मला फिरवलं. मी ताठ. उजेडाची कड प्रत्येक जागी माझ्या दोन्ही ध्रुवांवरून जात राहिली. सगळीकडे बारा तास दिवस, बारा तास रात्र, वर्षभर. उन्हाळा नाही, हिवाळा नाही. सरांनी मला दुसऱ्यांदा फिरवलं. घंटा व्हायला आली होती. शेवटी त्यांनी मला दिव्याजवळ नेलं.

"हे बघा, पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा. लांब गेली की हिवाळा. लिहून घ्या."

वर्गाने लिहून घेतलं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. वर्ग तिला शंकाबाई म्हणतो.

"झालं!" मागून आवाज आला. "आता घंटा होऊनही सुटका नाही."

"सर, जवळ आल्यावर उन्हाळा, तर मग सगळ्या पृथ्वीवर एकदमच यायला हवा ना? माझी मावशी गोलाच्या खालच्या अर्ध्यात राहते. आम्ही इथे स्वेटर घालून फोन करतो, तर ती पंख्याखाली बसलेली असते."

सरांनी दिवा विझवला. मग म्हणाले, "उद्या सांगतो."

शाळा सुटल्यावर ते वर्गातच थांबले. पुस्तकातलं चित्र त्यांनी माझ्याशेजारी धरलं. आधी पुस्तक तिरपं करून पाहिलं, मग मान. मग त्यांनी माझ्या बैठकीखाली एका बाजूने खडूची पेटी सरकवली आणि दिवा लावला. ध्रुवावर उजेड थांबला.

"हात्तिच्या," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीलाच त्यांनी वर्गाला कालचं खोडायला लावलं. "मी चुकीचं सांगितलं होतं," इतकंच म्हणाले. पण पेटीवर मी डगमगत होतो, हातात धरून फिरवणं अशक्य होतं. आणि सोमवारी प्रत्येक मुलाने मला हातात घेऊन ऋतू करून दाखवायचे होते.

खांब कापून मला तिरपं करता येईल का, हे विचारायला सर मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. त्यांनी हिशोब सरळ मांडला. "सरळ ठेवला तर चूक शिकवतो. कापला तर त्या तड्यातून फुटेल. मग हवा कशाला? अडगळीत टाका. भिंतीवर नकाशा आहे."

"मॅडम, नकाशावर रात्र पडत नाही," सर म्हणाले.

"बरं. सोमवारपर्यंत जमलं तर ठेवा."

आता रंधा सरांना सांगायचं होतं. नव्या सरांनी कार्यशाळेच्या दारात बराच वेळ काढला.

"आत या की," रंधा सर म्हणाले. "भुसा चावत नाही."

ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. "माझं काम वाकडं म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"वाकडं नाही हो, काका. सरळ आहे. तीच तर पंचाईत आहे."

'सर' ऐवजी नव्या सरांच्या तोंडून 'काका' निघून गेलं. रंधा सरांनी पुस्तक घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि चित्र पाहत राहिले.

"ओळंबा बरोबर होता," ते अखेर म्हणाले. "मी तो भलत्यालाच लावला. आधी विचारायला हवं होतं."

मला सांध्यातून सोडवायचा प्रयत्न त्यांनी करून पाहिला. सरस हलेना. स्वतःच्याच कामावर ते चिडले. मग मला खांबावर तसाच ठेवून त्यांनी खांब मधोमध करवतीने कापायला घेतला. नव्या सरांनी मला दोन्ही हातांनी धरलं होतं. करवतीच्या प्रत्येक ओढीचा हादरा पोटात येत होता. अर्ध्यावर तडा करकरला.

"थांबा!" नवे सर ओरडले.

रंधा सरांनी करवत थांबवली, तड्यावर ओली चिंधी बांधली आणि उरलेलं लाकूड नखाएवढं, नखाएवढं कापलं. कोनमापकाने मोजून साडेतेवीस अंशांची पाचर तयार केली. ती दोन तुकड्यांमध्ये बसवली. तड्यात पातळ सरस सोडला आणि वर पट्टी चिकटवली.

मित्रांनो, मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. मोडलेलं जरूर जोडा, धूळही पुसा. पण एखादी गोष्ट तिरकी दिसली, तर ती सरळ करण्याआधी कुणाला तरी विचारा की ती तशी का आहे. आणि वर्गात कुणी शंका काढली तर घंटेकडे बघू नका.

आज रविवार आहे. खांब शिकंज्यात आवळलेला आहे आणि माझं उत्तर टोक कार्यशाळेच्या माळ्याकडे कललेलं आहे. कापताना तडा बोटभर वर सरकला होता. पट्टीखाली तो थांबला की नाही, हे बाहेरून दिसत नाही. सरस अजून ओला आहे. शिकंजा उद्या पहिल्या तासाआधी सुटेल.