दीड मिनिटाचं भूत

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये सकाळी नऊलाच मुंगीला शिरायला जागा नव्हती. पायाचं माप द्यायला आलेली माणसं कुबड्यांसकट भिंतीला टेकली होती, प्लास्टरवाले पांढऱ्या हातांनीच धावत आले होते आणि गल्लीतले निम्मे दुकानदार शटर ओढून हजर होते. एवढे सगळे बघत काय होते? मापांच्या टेबलावरचा एक जुना संगणक! त्याच्या पडद्यावर काळं फडकं, फडक्यापुढे शाल पांघरलेला वीजबाबा आणि बाजूच्या खुर्चीत तात्यांची बायको, तोंडावर नुसती हाडं उरलेली.

गर्दीच्या मागे मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या होत्या मास्तरीणबाई. तात्यांच्या बायकोची धाकटी बहीण. तीस वर्षं गणित शिकवलेलं, त्यामुळे कुणी ‘चमत्कार’ म्हटलं की त्यांना गृहपाठ न केलेल्या पोराची थाप आठवायची.

तात्या इथे मापं घ्यायचे. दोन महिन्यांपूर्वी हृदय बंद पडलं आणि गेले. त्यानंतर हा संगणक रोज सकाळी चालू केला की मध्येच अडायचा. काळ्या पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरं, आणि त्यांच्या मधोमध चक्क ‘तात्या’! मॅनेजरसाहेबांनी तेवढा एकच शब्द वाचला आणि त्यांच्या हातातला कप फुटला. तेव्हापासून तो शब्द दिसला, की कुणीतरी घाईघाईने बटणच बंद करायचं. तात्या मशीनमध्ये अडकलेत, ही बातमी दुपारपर्यंत चार गल्ल्या फिरून परत आली. पुढची-मागची अक्षरं वाचायची तसदी मात्र एकाही शहाण्याने घेतली नाही.

मग उगवला वीजबाबा. वर्षभरापूर्वी हा गृहस्थ इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकायचा. त्या चालेनात, आत्मे चालले. तो पडद्यावर फडकं टाकायचा, डोळे फिरवून मंत्र म्हणायचा, आणि मंत्र संपला रे संपला की मशीन सुरू. लोक हात जोडायचे.

लोकांचं एक सोडा, लोकांना उद्योग नाहीत. पण बाबाने ताईला, म्हणजे तात्यांच्या बायकोला, सांगितलं होतं, "तू रडतेस ना, म्हणून तो निघत नाही. तो सुटेपर्यंत डोळ्यांतून टिपूस नको आणि पोटात घास नको. एक घास गेला, की तो कायमचा तारेत." नऊ दिवस ताई पाण्यावर होती. काल न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. मास्तरीणबाई ताट घेऊन तासभर बसल्या, तर म्हणाली, "आणि ते अडकले तर? तू घेशील जबाबदारी?" मास्तरीणबाईंना रात्रभर झोप लागली नाही. संतापाने नुसता जीव जळत होता.

"सूट सूट आत्म्या, तारेतून सूट, काचेतून सूट!" बाबा गरजला. फडक्यामागे उजेड पडला. गर्दीने ‘आहाहा’ केलं.

"आज शेवटचा विधी," बाबा म्हणाला. त्याच्यापुढे पाटावर तात्यांची हातभर वायर असलेली काळी डबी आणि एक हातोडी होती. "आत्म्याचं घर फोडायचं आणि तळ्यात बुडवायचं. त्यानंतर ताईंनी अजून एकवीस दिवस पाण्यावर राहायचं."

"एकवीस दिवसांत ती मरेल," मास्तरीणबाई गर्दी रेटत पुढे आल्या. "बाबा, तुमच्या मंत्राला परवा दीड मिनिट, काल दीड मिनिट, आज दीड मिनिट. आमचे तात्या वेळेचे इतके पक्के कधीपासून झाले? स्वतःच्या लग्नाला तासभर उशिरा आले होते!"

कुणीतरी फिसकन हसलं.

"देवाची थट्टा करू नका, बाई!"

"देवाची कुठे, तुमची करतेय. साहेब, मशीन बंद करून पुन्हा चालू करा. आज मंत्र मी म्हणणार."

मॅनेजरांनी घाबरत बटण दाबलं. बाईंनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." पाढा सरळ झाला, मग उलटा झाला, मग पुन्हा सरळ. एका प्लास्टरवाल्याने तर मागून साथच धरली. दीड मिनिट झालं आणि मशीन सुरू!

"माझ्या मंत्राची शक्ती उरली होती त्यात," बाबा घाम पुसत म्हणाला.

"शिळी शक्ती? बरं. आता फडकं काढून बघू."

"डोळे जातील! आत्म्याचं तेज सोसायचं नाही!"

"जाऊ देत माझे." बाईंनी फडकं ओढून त्याच्याच खांद्यावर टाकलं. मशीन पुन्हा बंद, पुन्हा चालू. त्यांनी चष्मा सावरला आणि वर्गात धडा वाचावा तसं मोठ्याने मराठीत सांगायला लागल्या. "‘तात्या’ नावाच्या डिस्कची वाट बघत आहे. बारा सेकंद झाले. मर्यादा दीड मिनिट. तेरा. चौदा. बघा, आकडे पळताहेत. हे दिसू नयेत म्हणून फडकं होतं! बाबा मंत्र म्हणत नव्हता, शालीखालच्या घड्याळात वेळ मोजत होता."

"डिस्कचं नाव तात्या?" मॅनेजर पुटपुटले.

"या संगणकात फुकट मिळणारी, सगळ्यांना खुली असलेली प्रणाली आहे. माझा एक जुना विद्यार्थी हेच काम करतो, त्याला काल फोन केला. मशीनमध्ये एक यादी असते, सुरू होताना कुठल्या डिस्क जोडून घ्यायच्या त्याची. यादीतली डिस्क लावलेली नसली, की ते दीड मिनिट शोधतं आणि नाद सोडून पुढे जातं. यादी तात्यांनी केली, डिस्कला नावही त्यांनीच दिलं. छत्रीवर, डब्यावर, पट्टीवर नाव टाकणारा माणूस तो! त्यांचं टेबल आवरताना शिपायाने चष्म्याबरोबर ही डबीही, म्हणजे मापं साठवलेली ती डिस्कच, घरी पोचवली. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुमचं भूत आलं."

खुर्चीतून क्षीण आवाज आला. ताई बोलत होती. "बाबांनी मला उपासाच्या तिसऱ्याच दिवशी विचारलं होतं. घरी ह्यांची तार असलेली काळी डबी आहे का, म्हणून."

सगळ्या माना बाबाकडे वळल्या.

"म्हणजे याला सगळं वाचता येत होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "डबी जोडली तर धंदा बुडणार, म्हणून हातोडी!"

बाबाने डबीवर झडप घातली, पण प्लास्टरवाल्याने त्याचं मनगट असं धरलं की पाची बोटं पांढरी उमटली. बाईंनी तार जोडली. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, तर कुठे थांबलंच नाही. पडद्यावर तात्यांनी घेतलेली चार हजार पायांची मापं ओळीने उभी.

"माझा डावा बघा हो, डावा!" कुबडीवाले एक आजोबा ओरडले. डावा सापडला, अगदी मिलिमीटरसकट.

"बघा, आत्मा सुटला! ही माझीच..." बाबाने तोंड उघडलं.

"गप रे!" चारी बाजूंनी आवाज आला. काल पाया पडणारेच आज सगळ्यात मोठ्याने ओरडत होते.

मास्तरीणबाई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्हीही काही कमी नाही. नऊ दिवस ही बाई तुमच्यादेखत वाळत होती आणि तुम्ही हात जोडून उभे! अक्षरं समोर होती. वाचता येत नव्हती, तर विचारायचं होतं. फडकं कशाला, एवढं विचारायला काय डोकं गहाण टाकलं होतं? कुणी काही झाकून दाखवायला लागला, की आधी ते उघडायला सांगा. एवढं करा, बाकी काही करू नका."

गर्दीने बाजूला होऊन वाट करून दिली.

त्या ताईजवळ गेल्या, खुर्चीशेजारी जमिनीवरच बसल्या. ताई पडद्याकडे बघत होती. डोळे कोरडे ठेवायची सवय अजून सुटली नव्हती.

"म्हणजे ते कुठेच अडकलेले नाहीत?"

"नाही, ताई. ते गेले."

"मग... आता मी रडू का गं?"

"रड," मास्तरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. "पोटभर रडून घे. तुझ्या रडण्याने कुणाचं काही अडत नाही."