माडावरची राखणदार

मित्रांनो, मी तिळाएवढी काळी माशी आहे. शेपटाशी नांगी आहे. आज मला चाळीस दिवस झाले, म्हणजे आमच्यात मी म्हातारीच. माझे आयुष्य मारामारीत गेले. ते सांगते, काही लपवत नाही.

माझा जन्म पालघरजवळच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या नळीत झाला. आईने एका अळीला नांगी मारून लुळी केली आणि तिच्या अंगावर आमची अंडी घातली. आम्ही बहिणी त्या अळीला शोषूनच वाढलो. ती जिवंत होती, पण हलू शकत नव्हती. शेवटी नुसते कातडे उरले. अशा अळ्या तिथे ज्वारीच्या भरड्यात वाढवत. म्हणून खाणे म्हणजे ज्वारीचा वास, एवढेच आम्हाला ठाऊक.

पालघरच्याच माहीम गावात कृष्णकांत नावाच्या म्हाताऱ्याची वाडी आहे. तिथल्या माडांना काळ्या डोक्याच्या अळीने धरले होते. ही अळी पातीच्या उलट्या बाजूला जाळीचा बोगदा करते आणि आत बसून हिरवे खरवडून खाते. झावळ्या जळाल्यासारख्या होतात. विहिरीजवळचा माड कृष्णकांतच्या बायकोने, सुगंधाने, लावलेला. ती गेल्या वर्षी वारली. निदान तो माड वाचावा, एवढेच त्याला हवे होते.

आधी माझ्या शंभर बहिणी तिथे सोडल्या. एकही माडावर गेली नाही. पडवीत कोंबड्यांसाठी ज्वारीचा भरडा होता, त्या वासावर साऱ्या तिकडे धावल्या. काही पालीने गिळल्या, बाकीच्या कोंबड्यांनी टिपल्या.

प्रयोगशाळेतली भावना पाहायला आली तेव्हा कृष्णकांत म्हणाला, "पोरी, तुज्या माश्या माज्या कोंबड्यांच्या कामी आल्या."

माडावर चढणारा गडी जिवल्या हसला. "आता अंडी मोठी येतील, दादा."

भावना हसली नाही. "चूक आमची हाय, काका. माडावरची अळी त्यांना कुनी दाखवलीच नाय. दहा दिवस द्या. तोवर विष मारू नका."

"दहाच. अकराव्या दिवशी पंप लावनार. मानूस गेला, आता झाड पन घालवू?"

भावनाने त्या माडाची जळकी पाती नेली. तिच्यावरची जाळी आणि अळीची लेंडी आमच्या नळीत टाकली. मग माडावरची अळीही सोडली. ज्वारीतल्या अळीसारखी ती मऊ नव्हती. तिने माझ्या एका बहिणीला जबड्यात धरून मधोमध तोडले. मी तिच्या डोक्याखाली शिरले आणि नांगी खुपसली. तिने मला काचेवर आपटले. मी सोडले नाही. ती लुळी पडली तेव्हा मी तिचे रक्त चाखले. त्या दिवसापासून लेंडीचा तो कुबट वास आणि शिकार माझ्या डोक्यात एक झाले.

तिसऱ्या दिवशी जिवल्याने आमची नळी विहिरीजवळच्या माडावर उघडली. या वेळी मी ज्वारीकडे वळलेसुद्धा नाही. कुबट वास धरून बोगद्यात शिरले. आत जाडजूड अळी होती. तिला लुळी केली. अंडी घालणार तोच माझी एक बहीण आली. तिलाही तोच वास शिकवला होता. अळी एक आणि आया दोन. तिने माझी मिशी मुळातून उपटली. मी तिचा पाय तोडला आणि तिला पातीखाली ढकलले. खाली मुंग्या होत्या. त्यांनी तिला जिवंतच ओढून नेले. मी ते पाहिले आणि परत अळीपाशी आले.

मित्रांनो, आम्ही मिशांनीच वास घेतो. एका मिशीवर दुसरी अळी सापडणे कठीण. घातलेली अकरा अंडी हीच माझी सारी लेकरे. मी त्यांच्यापाशी बसून राहिले. अंड्यांतून पिल्ले निघाली आणि अळीला चिकटली. एक मुंगी आत आली, तिला नांगी मारून बाहेर काढले.

अकराव्या दिवशी सकाळी जिवल्या पंप घेऊन चढला. पंपाची नळी झावळीवर रोखून त्याने पाती उलटली. बोगदा फाटला. माझ्यावर एकदम ऊन आले.

"दादा," तो वरून ओरडला, "अळी मेल्यागत हाय. तिच्यावर पिल्लं हायेत, आन् बाजूला माशी. मी फुकर मारली तरी उडत नाय!"

"मेली असंल."

"नाय, जिती हाय. माज्याकडं तोंड करून बसली. मारू?"



"उतर," कृष्णकांत म्हणाला. "बसू दे तिला. मी पन सुगंधाच्या उशाशी असाच बसलो होतो."

"मंग पंप?"

"विहिरीपासून लांब धू."

पुढे माझ्या लेकरांनी कोष विणले. अकराही उडाली. इतर बहिणींचीही उडाली. कुबट वास त्यांना वेगळा शिकवावा लागला नाही. त्या वासातच ती वाढली होती. आता माडाच्या मधोमध नवी झावळी निघाली आहे, तिच्यावर एकही डाग नाही. कृष्णकांत पाणी काढताना मान वर करून ती पाहतो.

माझे पंख आता फाटले आहेत. मित्रांनो, एवढेच मागते. विष मारण्याआधी पाती एकदा उलटून पाहा. तिथे कोणी राखण करत बसले असेल, तर तिला बसू द्या.